नवतप्यातलं वेळापत्रक

आत्या: मला एक सांग. ज्यांना शाळाच नाही त्यांना उन्हाळ्याची सुट्टी कशाची? बारा महिने तर घरीच असतात तुझी पोरं.

भाची: शाळा नसली तरी उन्हाळा आहेच ना, आत्या. मार्चपर्यंत दिवसभर आमची गल्ली रिकामी असते. या दोघांना खेळायला कोणी मिळतं ते संध्याकाळी, आणि तेही त्या पोरांची ट्यूशन नसेल तर. मे लागला की गल्लीतली सगळी मुलं घरी. वर्षातले हेच दोन महिने माझ्या मुलांचा आणि बाकीच्या मुलांचा दिवस सारखा असतो. मी या दिवसांत धडे घेत बसले तर त्यांना सोबत कधी मिळणार?

आत्या: म्हणून वेळापत्रक गुंडाळून ठेवून दिलं?

भाची: माझं ठेवलं. उन्हाचं पाळून राहिलो.

हा संवाद मी कुठल्या एका घरात बसून लिहून घेतलेला नाही. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या आया आणि उभा जन्म वर्गात गेलेल्या शिक्षिका, दोघींचं बोलणं नागपुरात ऐकत आले आहे. ते इथे दोन पात्रांच्या तोंडी घातलं आहे. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, नोकरीची बरीच वर्षं रामटेक-पारशिवनीकडच्या गावांत काढलेल्या. भाची त्रिमूर्तीनगरात राहते, घरूनच हिशेबनिशीचं काम करते. तिची मुलगी अकरा वर्षांची आहे, मुलगा सात. दोघींचा एकमेकींवर जीव आहे, म्हणून भांडण मनापासूनचं आहे.

आत्या: उन्हाचं वेळापत्रक म्हणजे काय ते तरी ऐकू दे.

भाची: पहाटे साडेपाचला उजाडतं. सहाला आम्ही बाहेर. कधी अंबाझरीच्या काठानं, कधी फुटाळ्याकडे, कधी नुसतं कॉटन मार्केटला भाजी आणायला. नऊच्या आत घरी. मग आंघोळ, नाश्ता, थोडं घरकाम. अकरा ते पाच बाहेर पाऊल टाकायचं नाही. कूलरसमोर पुस्तकं, पत्ते, बुद्धिबळ, झोप, कंटाळा.

आत्या: कंटाळासुद्धा वेळापत्रकात लिहिला आहे का?

भाची: लिहिलेला नाही, पण त्याला जागा ठेवली आहे. पहिले आठ दिवस दोघं भुणभुण करतात. मोबाइल मागतात, मी देत नाही. मग आपापलं काहीतरी काढतात. लहान्यानं मागच्या वर्षी कूलरच्या जुन्या खोक्याचं रेल्वे स्टेशन केलं. मोतीबागेतलं नॅरोगेजचं संग्रहालय पाहून आला होता ना! संध्याकाळी सहानंतर गल्ली. रात्री गच्ची.

नागपूरबाहेरच्या वाचकाला यातलं अकरा ते पाच कदाचित अति वाटेल. २३ मे २०१३ रोजी या शहरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. मेमध्ये चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंश ही इथे बातमी नसते. पंचवीस मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नवतपा लागतो, तेव्हा दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. सरकारलाही हे मान्य आहे. बाकी महाराष्ट्राच्या शाळा जूनच्या मध्यात उघडतात आणि विदर्भाच्या उशिरा. २०२४ साली इथल्या शाळा १ जुलैला भरल्या. म्हणजे ऊन पाहून शिक्षणाचं वेळापत्रक हलवायचं, हे भाचीचं खूळ नव्हे, शासनाचा रिवाज आहे.

आत्या: सुट्टी माझ्याही पोरांना होती. पण जुलैत वर्ग भरला की पहिला महिना नुसता उजळणीत जायचा. एप्रिलमध्ये जोडाक्षरं वाचणारं पोरगं जुलैत काना-मात्रेला अडायचं. डोळ्यांनी पाहिलं आहे मी हे, वर्षानुवर्षं. तू म्हणतेस आराम द्या. आरामात विसरतात गं पोरं.

भाची: माझी का नाही विसरत मग?

आत्या: कारण तुझ्या घरात दोन कपाटं पुस्तकं आहेत. तू घरी असतेस. जेवताना त्यांच्याशी बोलतेस. माझ्या पोरांच्या आया मे महिन्यात पहाटे तीनला तेंदूपत्ता तोडायला जंगलात जायच्या, पोरं सोबत. दुपारी घरी येऊन सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधायची, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायची. सत्तरचा पाढा त्यांना माझ्याआधी यायचा! तेही शिक्षणच म्हणशील तू. पण घरात छापलेला कागद म्हणजे फक्त कॅलेंडर. अक्षर दिसलंच नाही तर टिकणार कसं?

यावर भाची थोडा वेळ गप्प राहते, आणि मला वाटतं तिनं गप्प राहायलाच हवं. सुट्टीत मुलं किती विसरतात यावर अमेरिकेत पुष्कळ अभ्यास झाले. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली असे बरेच अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा सरासरी महिनाभराची घसरण दिसली. गणितात जास्त, वाचनात कमी. वाचनातला फरक मात्र घरच्या परिस्थितीप्रमाणे होता. बऱ्या परिस्थितीतल्या मुलांचं वाचन सुट्टीत टिकत किंवा वाढत होतं, गरीब घरातल्यांचं मागे पडत होतं. पुढे २०१९ मध्ये पॉल फॉन हिपेल या अभ्यासकानं या घसरणीच्या मोजमापावरच शंका घेतल्या. आकड्यांचा वाद चालू राहो. आत्यांनी रामटेककडच्या वर्गात पाहिलं ते मला खरं वाटतं. घरी राहून निवांत शिकणं ज्या घराला परवडतं, त्या घरानं आपल्याला काय काय आयतं मिळालं आहे ते आधी मोजावं.

भाची: मान्य. पण म्हणून माझ्या मुलांनी दुपारी दोन वाजता शुद्धलेखन लिहावं का? त्यानं तुझ्या शाळेतल्या कुठल्या मुलाचं भलं होणार?

आत्या: तसं नाही म्हणून राहिली मी. निवांतपणाच्या नावावर तू शिकवणंच सोडून देशील, ती मला भीती आहे.

भाची: थांब, तुला एक वही दाखवते. गेल्या जूनमध्ये मोठीनं विचारलं, पाऊस आला की आपला कूलर का बिघडतो? मी म्हटलं, बिघडत नाही. मग थंडी कुठे जाते, म्हणाली. मी उत्तर दिलं नाही. या वर्षी मेच्या सुरुवातीला सीताबर्डीवरून प्रयोगशाळेतले दोन साधे तापमापक आणले. एकाच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळलं, दुसरा कोरडा. दोन्ही सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात. वाच.

आत्या: (वाचतात) "कोरडा ४३. ओला २४." बरोबर लिहिलं आहे का हिनं? एकोणीस अंश?

भाची: मीही आधी तेच विचारलं. तिनं तीन दुपारी पुन्हा मोजून दाखवलं.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण नागपूरच्या घरात एवढा चांगला धडा दुसरा नाही. कूलर हवा थंड करतो ते पाणी उडवून. पत्र्याच्या खोक्याच्या तीन बाजूंच्या गवतावरून पाणी ओघळतं, मागून पंखा कोरडी हवा ओढतो, आणि पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्च होते. मेच्या दुपारी नागपूरच्या हवेत आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते. हवा तहानलेली असते, भराभर पाणी पिते. म्हणून ओला आणि कोरडा तापमापक यांच्यात अठरा-एकोणीस अंशांचं अंतर पडतं. जूनअखेर तापमान चौतीसवर येतं, पण आर्द्रता सत्तर टक्क्यांवर जाते. हवेला आणखी पाणी नको असतं, अंतर पाच-सहा अंशांवर येतं आणि कूलर नुसता चिकट वारा फेकतो. माठातलं पाणी मेमध्ये गार लागतं आणि श्रावणात कोमट, तेही याचमुळे. मुंबईत कूलर फारसे का चालत नाहीत, हा पुढचा प्रश्न त्या मुलीनं स्वतःच काढला. अकरा वर्षांच्या मुलीनं जवळजवळ वर्षभर एक प्रश्न मनात धरून ठेवावा, याला फुरसत लागते. पस्तीस मिनिटांच्या तासात ते होत नाही. तिच्या आईनं उत्तर न देता दोन तापमापक आणून दिले, हे मला त्या घरातलं सगळ्यात मोलाचं शिकवणं वाटतं.

आत्या: छान आहे. खरंच छान आहे. पण वही पाहते आहे मी. आकडे आहेत, वाक्य एकही नाही. का होतं ते हिनं लिहिलं कुठे?

भाची: तिला माहीत आहे. विचार तिला.

आत्या: तोंडी सगळ्यांनाच माहीत असतं, बेटा. लिहायला बसलं की कळतं, आपल्याला कुठपर्यंत समजलं आहे. चार ओळी लिहायला सांग. शुद्धलेखन नको तर नको, पण चार ओळी हव्यातच.

भाची: सांगते. पण लाल पेन तू हातात घ्यायचं नाही.

आत्या: नाही घेत. आता गणिताचं बोल.

भाची: गणित स्वयंपाकघरात चाललं आहे. एप्रिलभर आईकडे वाळवणं होती. कुरडया, साबुदाण्याचे पापड, सरगुंडे. मोठीनं दोन किलोचं प्रमाण पाऊण किलोला बसवलं, मीठ-हिंगासकट. लहान्यानं वाळलेले पापड डझनावारी मोजून डब्यात भरले.

आत्या: ऐक. मी चौथी-पाचवीला अपूर्णांक शिकवले आहेत. स्वयंपाकघरात अर्धा येतो, पाव येतो, पाऊण, दीड, अडीच येतात. फार झालं तर एक तृतीयांश. दोन तृतीयांशात तीन चतुर्थांश मिळवायची वेळ कुठल्याही सुगरणीवर येत नाही. छेद वेगळे असले की समच्छेद करावा लागतो, तो पापड लाटून येत नाही. तो बसून, कागदावर, चुकत चुकत करावा लागतो. आणि तो आला नाही तर पुढचं बीजगणित अडतं. त्या पोरीला विचार, दोन तृतीयांश आणि तीन चतुर्थांश मिळून किती?

भाची: (थोड्या वेळानं) नाही येणार तिला.

आत्या: मग?

भाची: मग शिकवायला हवं. पण जुलैत शिकवलं तर काय बिघडलं?

आत्या: काही नाही. जुलैत शिकवशील हे मला लिहून दे.

हा मुद्दा आत्यांनी जिंकला असं माझं मत आहे. घरी शिकवणाऱ्यांच्या बोलण्यात "जगण्यातून आपोआप" हे शब्द फार सहज येतात. जगण्यातून पुष्कळ येतं, पण ज्याची रोजच्या जगण्यात गरजच पडत नाही ते आपोआप येत नाही. जॉन होल्ट या अमेरिकन शिक्षकानं १९७७ मध्ये घरशिक्षणाला वाहिलेलं नियतकालिक काढलं. शिकण्याची ओढ मुलात असतेच, यावर त्याचा गाढ विश्वास होता, आणि तो मलाही पटतो. ओढ असली तरी समच्छेद कोणीतरी दाखवावाच लागतो.

भाची: सेवाग्राम तर आपल्यापासून पाऊणशे किलोमीटरवर. गांधीजींनी १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत हेच मांडलं ना, की हाताच्या कामातून, मातृभाषेतून शिकवा? डॉक्टर अभय बंगही लहानपणी त्याच नयी तालीमच्या शाळेत शिकले.

आत्या: मी सेवाग्रामला शिबिराला गेलेली आहे. तिथे घंटा होती, बाई. पहाटेची प्रार्थना ठरल्या वेळी, सफाई ठरल्या वेळी, तकली ठरल्या वेळी, आणि किती सूत निघालं त्याचा हिशेब. हातानं काम म्हणजे मोकाट नव्हे.

भाची: पण मूल कामात असताना त्याच्या प्रश्नामागे जायला तिथे वाव होता. तो वाव मला हवा आहे. घंटा तू ठेव.

आत्या: आणि दहावीचं काय करशील? उद्या कॉलेजवाले दाखला मागतील.

भाची: त्याचे रस्ते आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालय १९८९ पासून आहे, चौदा वर्षं झाली की दहावीला बसता येतं. नाहीतर राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म. मुंबईची मालविका जोशी तर दहावी-बारावी न करता २०१६ मध्ये एमआयटीला गेली.

आत्या: ती संगणक ऑलिंपियाडची तीन पदकं घेऊन गेली. असं मूल लाखात एक. तिचं नाव सांगून तू स्वतःलाही फसवू नकोस आणि पोरांवर ओझंही टाकू नकोस.

भाची: टाकत नाही. तू विचारलंस म्हणून सांगितलं.

कायद्याचं थोडक्यात. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, सहा ते चौदा वयासाठी. त्यात घरी शिकवण्याला स्पष्ट परवानगीही नाही आणि त्यासाठी आईबापांना शिक्षाही नाही. या धूसर जागेत काही कुटुंबं राहतात. मुक्त विद्यालयाच्या परीक्षांमुळे त्यांचा पुढचा रस्ता बंद होत नाही, एवढं आजघडीला म्हणता येतं. बाकी त्या वादात आज शिरत नाही.

भाची: आत्या, काटोलला आपली संत्र्याची बाग. मृग बहार धरायचा तर भाऊकाका एप्रिल-मेमध्ये झाडांचं पाणी तोडतात. झाड महिना-दीड महिना थांबतं, पानं मलूल होतात, आणि मृगाचा पाऊस पडला की फुलांनी भरून जातं. मला माझ्या मुलांचा उन्हाळा तसा हवा आहे.

आत्या: पाणी तोडून तुझे काका घरी झोपतात का? रोज सकाळी बागेत फेरी असते त्यांची. हलक्या जमिनीतल्या झाडाला थोडे दिवस पुरतात, भारी काळ्या जमिनीतल्या झाडाला जास्त लागतात. एकाच बागेत दोन तऱ्हा. पानं किती सुकली, किती गळली, पाहत राहावं लागतं. आठ दिवस जास्त झाले की फांदी वाळते. आणि मृग कोरडा गेला तर विहिरीत पाणी राखून ठेवावं लागतं. झाडाला विसावा द्यायचा तर माळ्याला विसावा नसतो.

भाची: मग मीही तेच करून राहिले ना! मोठी तीन दिवस एकच पुस्तक घेऊन पडून राहिली तर मी हलवत नाही. लहान्या तसा राहिला तर मला कळतं, याचं काहीतरी बिनसलं आहे. त्याला रोज काहीतरी ठरलेलं लागतं.

आत्या: काय ठरलेलं?

भाची: नाश्त्यानंतर अर्धा तास माझ्यासमोर मोठ्यानं वाचायचं. मराठी एक दिवस, हिंदी एक दिवस. 'किशोर'चे जुने अंक काढले आहेत, बालभारती १९७१ पासून काढते ते. सुट्टी असो, पाहुणे असोत, ते वाचन चुकत नाही.

आत्या: हे आधी का नाही सांगितलंस?

भाची: तू वेळापत्रक विचारलंस. मी याला वेळापत्रक म्हणत नाही.

आत्या: मी म्हणते. आणि त्याला आता वीस मिनिटं अपूर्णांक जोडू. मोठीसाठी. आठवड्यातून चार दिवस. मी येत जाईन सकाळी, ऊन चढायच्या आत.

भाची: तीन दिवस.

आत्या: तीन. पण ठरलेले. "आज मूड नाही" चालणार नाही.

दोघींचं इथे जुळलेलं दिसत असलं तरी मतभेद मिटलेला नाही. आत्यांना अजून वाटतं की मुलानं आपल्यासारख्या नसलेल्या मुलांसोबत एका बाकावर बसलं पाहिजे, आणि घरात ते होत नाही. भाचीला वाटतं की बाक सारखा असला तरी शाळांनी मुलांना केव्हाच फीप्रमाणे वाटून टाकलं आहे. दोघींच्या म्हणण्यात मला वजन दिसतं. आत्यांचं दुखणं खोल आहे, कारण ज्यांच्याकडे निवड आहे ती घरं शाळेतून निघून गेली की मागे राहिलेल्या शाळेकडे कोणाचं लक्ष उरत नाही, हे त्यांनी जवळून पाहिलं आहे. याला भाचीजवळ उत्तर नाही. माझ्याजवळही पूर्ण उत्तर नाही. पण जे करता येईल ते लगेच करावं, या मताची मी आहे, आणि आत्याही.

आत्या: या गल्लीत कामाला येणाऱ्या बायकांची पोरं उन्हाळ्यात कुठे असतात?

भाची: तिघंजणं दुपारी जिन्यात बसलेली असतात, आया काम करेपर्यंत. आमच्या खाली.

आत्या: मग जिन्यात काहून? तुझ्या कूलरसमोर जागा कमी पडते का?

भाची: पडत नाही. मी विचारलं नव्हतं, इतकंच.

आत्या: विचार. सकाळच्या अपूर्णांकाला मोठी एकटी नको. पाचवी-सहावीतलं कोणी असेल तर तेही बसेल. शिकलेलं दुसऱ्याला समजावून सांगितलं की पक्कं होतं. आणि 'किशोर'चे अंक खालपर्यंत जाऊ दे, फाटले तर फाटले.

भाची: उद्याच विचारते. आणि सव्वीस मेला तूही ये. शून्य सावलीचा दिवस. नागपूर एकवीस अक्षांशाच्या किंचित वर आहे, सूर्य त्या सुमारास बरोबर डोक्यावर येतो. दिल्लीला हे कधीच दिसत नाही, ती कर्कवृत्ताच्या वर आहे. आपल्याकडे पुन्हा जुलैच्या मध्यात येतो, पण तेव्हा ढग. म्हणजे आपल्या शाळेतल्या मुलांना हा दिवस सुट्टीतच पाहता येतो.

आत्या: एवढी वर्षं शिकवलं, मी एकदाही पाहिला नाही. बारा वाजता ना?

भाची: घड्याळात बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास. आपली घड्याळं साडेब्याऐंशी रेखांशावर चालतात, आपण एकोणऐंशीवर. हा फरक का पडतो ते मोठीला काढायला सांगितलं आहे.

आत्या: आणि नवतप्यात भर दुपारी पोरांना गच्चीवर नेशील? लू लागेल.

भाची: पाचच मिनिटं. डोक्याला दुपट्टा, हातात पन्ह्याचा पेला. नळाचा एक तुकडा ओळंब्यानं सरळ उभा करून ठेवायचा, दर मिनिटाला सावलीच्या टोकाशी खडूची खूण.

आत्या: खुणेआधी प्रत्येकानं कागदावर लिहायचं, सावली कुठल्या बाजूला पडेल आणि किती होईल. जिन्यातल्या तिघांनीही. लिहिल्याशिवाय गच्चीवर कोणी चढायचं नाही.

भाची: लहान्याला अजून धड लिहिता येत नाही.

आत्या: चित्र काढेल. मी अकरालाच येते, नळ सरळ उभा आहे की नाही ते मला पाहायचं आहे.